दोघांचं मचाण

दौलतराव इंगवले जागे आहेत की झोपलेत, हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता येणार नाही. पापणी मिटते, उघडते. मिटली की अंधार, उघडली की जुन्या घोंगडीसारखा करडा उजेड, आणि दोन्हींत फारसा फरक नाही. ओकच्या झाडाला टेकवलेली लोखंडी शिडी, शिडीच्या डोक्यावर दोघांपुरता बाक, आणि बाकाच्या एका टोकाला ते. दुसरं टोक रिकामं. छातीवरून आणि मांड्यांवरून घेतलेला पट्टा मागं खोडाला बांधलेला आहे, त्यामुळं डुलकी लागली तरी पडायची भीती नाही. मांडीवर आडवा क्रॉसबो, खटक्याचं धनुष्य. खाली मक्याचं कापलेलं रान, त्यावर गोठलेलं दंव. विस्कॉन्सिनमधला नोव्हेंबर. पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या माजाचे दिवस.

हे मचाण त्यांच्या बायकोचं, शशिकलाचं. शिकारही तिचीच. दौलतरावांनी कागदाच्या गिरणीत यंत्रं सांभाळण्यात उभी नोकरी काढली आणि आयुष्यात कधी उंदीरसुद्धा मारला नाही. शशी मात्र गडहिंग्लजकडची. तिचे वडील, आबा, उसात घुसणाऱ्या रानडुकरांमागं भाला घेऊन पळालेले, आणि लहानपणी तीही बांधावर उभी राहून आरोळ्या ठोकलेली. इकडं आल्यावर शेजारच्या डोरीननं तिला एकदा हौसेनं सोबत नेलं, आणि पुढच्या वर्षी डोरीनला ओढून नेणारी हीच. मग दर हिवाळ्याच्या तोंडावर घरात हरणाच्या मटणाचा तांबडा रस्सा शिजायचा आणि ठसक्यानं धुराचा अलार्म वाजायचा. दौलतराव सोबतीला म्हणून मचाणावर बसायचे. थर्मास सांभाळायचे, कंटाळायचे, पेंगायचे. नेम शिकले ते केवळ तिनं शिकवला म्हणून. अंगणातल्या गवताच्या भाऱ्यावर बाण बरोबर बसला की तिलाच जास्त आनंद व्हायचा.

वैशाखात ती गेली. सकाळी दात घासता घासता हात लुळा पडला, ब्रश बेसिनमध्ये पडला, आणि दवाखान्यातून ती परत आली नाही. उन्हाळा सरला, पानं रंगली, गळाली. दौलतरावांची विजार कमरेवरून घसरू लागली. परवा डोरीन दारात येऊन उभी राहिली. आत काही आली नाही.

"दौलत, मचाण रिकामं आहे," ती म्हणाली. "शशी असती तर या आठवड्यात फोन करकरून तिनं मला वेड लावलं असतं. एक सकाळ बस. मारू नकोस हवं तर. पण जाऊन बस."

म्हणून ते येऊन बसले आहेत.

पापणी मिटते. रानापलीकडं कुणाचातरी ट्रक सुरू होतो आणि आवाज विरत विरत जातो. नाकाचा शेंडा गार. पायाची बोटं बुटात आहेत की नाहीत, कळत नाही. पापणी उघडते. मिटते.

बाक जरासा दबतो.

"सरका की जरा," शेजारून आवाज येतो. "सगळा बाक अडवून बसलासा."

दौलतराव सरकतात. त्यांना नवल वाटत नाही. वाटायला हवं होतं एवढं आत कुठंतरी कळतं, पण ते कळणं खूप लांब आहे, दुसऱ्या कुणाच्या घरी वाजणाऱ्या फोनसारखं.

शशी बसली आहे. अंगात तिचं तेच हिरवट जाकीट, डोक्यावर लोकरीची टोपी. टोपीखालून मात्र लांब वेणी पाठीवर सोडलेली आहे, लग्नात होती तशी, आणि वेणीत अबोलीचा गजरा. केस तर तिनं कधीच कापून टाकले होते.

"अबोली?" ते विचारतात.

"हिला वास नसतोय. मोगरा माळला असता तर हरीण त्या पलीकडनंच पळालं असतं."

"कधी आलीस?"

"मघाशीच आलो."

आलो. कोल्हापूरकडच्या बायकांसारखी शशी स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी गेलो' असंच म्हणायची. अमेरिकेत इतकी वर्षं काढून इंग्रजी फाडफाड बोलायला शिकली, पण हे काही सुटलं नाही. दौलतराव पुण्यात शिकलेले. लग्नानंतर थोडे दिवस ते तिला हसायचे, मग पुढं बाकीच्या बायकांचं 'मी आले'च त्यांच्या कानाला पातळ वाटायला लागलं. महिनोन्‌महिने साठवलेलं सगळं बोलायचं आहे. कुठून सुरू करावं?

"शशी, मला तुला विचारायचंय..."

"हळू. वारा फिरलाय." ती पुढं वाकून बघते आहे. "मान हलवू नका. त्या झुडपाकडं बघा, नुसत्या डोळ्यांनी."

झुडपातून एक हरिणी बाहेर येते. दंवावर पाय ठेवते तेव्हा तिचा आवाज होत नाही. रानाच्या मधोमध ती थांबते, कान इकडून तिकडं फिरवते, शेपटी थोडीशी उचलते. शेपटीखालचं पांढरं क्षणभर दिव्यासारखं दिसतं. मग ती चालत चालत धुक्यात जाते आणि धुकं तिच्यामागं मिटतं.

"आता थांबा," शशी कुजबुजते. "तिच्यामागनं येईल."

आणि येतो. मोठा नर आहे. शिंगांवर कुठल्याशा झाडाची साल लोंबते आहे, मान सुजल्यासारखी जाड झालेली. नाक जमिनीला लावून तो येतो आहे आणि जुन्या दाराची बिजागरी कुरकुरावी तसा घशातून आवाज काढतो आहे. हरिणी जिथं थांबली होती तिथं तो थांबतो. तिथली माती खुरानं उकरतो. पुन्हा नाक खाली. पुन्हा तोच आवाज.

"ती कुठं गेली?" दौलतराव विचारतात.

"गेली फुडं."

"याला दिसली नाही?"

"ह्यो बघतोय कुठं? नाक खाली हाय. माज चढला की नराचं डोळं, कान, सगळं नाकातच जातंय." ती उठते. "चला."

"कुठं?"

"त्याच्या मागनं."

शिडी कधी उतरली ते दौलतरावांना आठवत नाही. ते खाली आहेत आणि चालत आहेत. पुढं नर, त्याच्यामागं शशी, तिच्यामागं ते. मक्याचे कापलेले बुडखे उंच होतात, कमरेइतके, डोक्याइतके, आणि पात्यांची धार गालाला लागते. हा ऊस आहे. पायाखाली पाटाचं पाणी खळखळतं आहे. कुठंतरी गुऱ्हाळ चालू आहे, कारण हवेत गरम काकवीचा वास आहे.

"हा ऊस कुणाचा?"

"आमच्या आबांचा. गप चला. आबा जागं असत्यात."

ते गप चालतात. उसाची सरी सरळ जाते, फारच सरळ, आणि वर नळीचे दिवे लागलेले आहेत. पाण्याची खळखळ थांबली आहे. खाली गुळगुळीत फरशी, फरशीवर ओकची वाळकी पानं. हरणाचे खूर फरशीवर टक टक वाजतात. डाव्या हाताला दारं, दारांवर आकडे. पांढऱ्या बुटांतली एक नर्स ट्रे घेऊन समोरून येते, नराला वाट करून द्यायला भिंतीला टेकते आणि निघून जाते. दौलतराव हा बोळ ओळखतात. टोकाला कुठलं दार आहे ते त्यांना माहीत आहे. त्यांचे पाय जागीच थांबतात.

"त्या खोलीत मी येणार नाही."

शशी वळून बघते. "त्या खोलीत कोण न्हेतंय तुमास्नी? तिथं काय हाय आता?"

"तू होतीस."

"होतो. आता न्हाई." ती त्यांची बाही धरते. "या."

टोकाचं दार उघडतं आणि आत त्यांचंच स्वयंपाकघर आहे.

दौलतरावांना आधी बरं वाटतं, मग ओशाळल्यासारखं होतं. शेगडी गार पडलेली. बेसिनमध्ये एकच कप, त्यात चहाचा वाळलेला काळा वेढा. खिडकीतलं तुळशीचं रोप वाळून काडी झालेलं. शशी सगळं बघते. कपाकडं बघते, तुळशीकडं बघते.

नर आत आला आहे. त्याची शिंगं वरच्या दिव्याला लागतात आणि दिवा झुलायला लागतो, त्याबरोबर सगळ्या सावल्या इकडून तिकडं होतात. उजेडात आता दिसतं की त्याच्या बरगड्या वर आल्या आहेत. पोट खपाटीला गेलं आहे. कानापासून खांद्यापर्यंत एक जखम आहे, दुसऱ्या कुठल्या नराशी झुंजताना झालेली, आणि तिच्याकडं त्याचं लक्षसुद्धा नाही. तो टेबलाला वळसा घालून पलीकडच्या कपाटाकडं जातो. कपाट उघडं आहे. आत तिचा जांभळा कोट टांगलेला आहे. नर कोटाच्या बाहीत नाक खुपसतो आणि डोळे मिटून खोल, खोल श्वास घेतो.

दौलतरावांच्या कानशिलांत रक्त चढतं. रोज संध्याकाळी दिवे लावायच्या आधी ते हेच करतात. त्याच कपाटाशी, त्याच बाहीत. लांब राहणाऱ्या मुलाला फोनवर सांगितलेलं नाही, डोरीनला ठाऊक नाही, घरी एकटेच असूनही ते आधी पडदा ओढून घेतात.

"हे याला कुणी शिकवलं?" ते कसंबसं विचारतात.

"मला काय विचारतासा!"

नर श्वास घेतोच आहे. बाहीचं कापड आत जातं, बाहेर येतं.

"किती दिवस खाल्लं न्हाई बघा ह्यानं," शशी म्हणते. तिचा आवाज आता कुजबुजीतला नाही. स्वयंपाकघरात बोलायची तसाच आहे, भांडी आवरता आवरता. "मका फुडं पडलेला असतोय, ओकची फळं पडल्याली असत्यात. तोंड लावत न्हाई. नुसता फिरतोय. ती आपली कवाच निघून गेल्याली असती, तरी ह्यो तिच्या वासावर फिरतोय."

"मग पुढं काय होतं?"

"ज्याला कळतंय त्यो बर्फ पडायच्या आत खायला लागतोय. मिळंल तेवढं पोटात घालतोय. ज्याला कळत न्हाई त्यो फेब्रुवारीत कुठंतरी झाडाखाली बसतोय आणि मग उठत न्हाई." ती कपाटाकडं बघत म्हणते. "बर्फ वितळल्यावर डोरीनची कुत्री शिंगं घिऊन येत्यात घराकडं."

दौलतराव खुर्चीचा आधार घेतात. दिवा अजून झुलतो आहे.

"शशी, मला ने की तुझ्याबरोबर."

ती त्यांच्याकडं बघते. मग तिचे खांदे हलायला लागतात. मचाणावर हसू आलं की हरीण बुजू नये म्हणून ती अशीच आवाज न करता हसायची, तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अवो, परमिट एकाच माणसाचं असतंय. माझ्या नावावर तुमास्नी कसं सोडतील?"

"हसू नकोस. मी खरं म्हणतोय."

"ते दिसतंय की. हसू न्हाई तर काय करू?" ती हसू आवरते. डोळे पुसते. "तुमास्नी जायचंच असंल तर मला कशाला विचारतासा? हातात काय हाय बघा."

हातात क्रॉसबो आहे. बाण लावलेला आहे, दोरी ताणलेली आहे. दौलतराव तो खांद्याला लावतात, कारण हातात आलं की लावायचं असतं, तिनंच शिकवलेलं. दुर्बिणीच्या गोल काचेत जांभळा कोट दिसतो, मग जाड मान, मग खांद्यामागची ती जागा, जिथं बाण लागला की जनावराला फार सोसावं लागत नाही. चार पावलांवर आहे. चुकायचा प्रश्नच नाही.

शशी बाजूला उभी आहे. काही सांगत नाही. असं कधी झालेलं नाही. श्वास सोडा, बोट हळू, आता, हे सगळं ती कानाशी म्हणायची. आज ती टेबलाला टेकून हाताची घडी घालून उभी आहे आणि तिचा चेहरा फार फार शांत आहे.

"मारू?" ते विचारतात.

शशीची नजर नरावरच आहे.

नर बाहीतून तोंड बाहेर काढतो आणि वळून सरळ त्यांच्याकडं बघतो. डोळे लाल, पाणावलेले, पापण्यांवर दंव. पळत नाही. बोट खटक्यावर आहे. एवढंसं दाबलं की झालं, मग कपाट बंद, दिवा बंद, सकाळी उठायला नको. दौलतरावांना जाणवतं की हे त्यांना हवं आहे. मे महिन्यापासून हवं आहे. स्वतःपाशी आजपर्यंत एवढं सरळ त्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

नराचे मागचे पाय थरथरतात. अशक्तपणानं. तो टेबलाच्या कडेला अंग टेकतो, म्हाताऱ्या माणसानं टेकावं तसं.

दौलतराव क्रॉसबो खाली घेतात.

"काय झालं?" शशी विचारते.

"उपाशी आहे गं तो."

शशी मोठा श्वास सोडते. इतका वेळ तिनं तो धरून ठेवला होता, हे तेव्हा कळतं.

"मग हिकडं या," ती म्हणते. त्यांच्या उजव्या हाताचा मोजा बोटाच्या टोकाला धरून ओढून काढते आणि त्यांचा उघडा हात आपल्या हातात घेते. तिचा हात गार नाही, गरमही नाही. ती तो हात नराच्या मानेवर नेऊन ठेवते. "दाबून धरा. भिऊ नका."

केस राठ आहेत, ओलसर. त्याखाली कातडं, कातड्याखाली ऊब. एवढी ऊब कुठल्याही चुलीजवळ त्यांना लागलेली नाही. आणि उबेच्या आत काहीतरी धडधडतं आहे. धडधड त्यांच्या तळव्यात येते, मनगटात येते, दंडातून वर छातीत येते आणि तिथं आधीपासून चाललेल्या धडधडीत मिसळून जाते. कुठली कुणाची ते त्यांना वेगळं करता येत नाही.

"लागतंय काय हाताला?"

"लागतंय."

"मग झालं तर."

नर मान झटकतो. त्यांची बोटं केसांत गुंततात, सुटतात. तो वळतो, आणि स्वयंपाकघराला पलीकडची भिंत नाहीच, तिथं मक्याचं रान सुरू होतं. सूर्य उगवायच्या बेतात आहे. नर दहा-बारा पावलं जातो, डोकं खाली घालतो. दौलतरावांना वाटतं, पुन्हा वास घेतोय. पण मग आवाज येतो, वाळके दाणे दाढांखाली फुटल्याचा. कट्‌. कट्‌ कट्‌.

"लागला बघा खायला," शशी म्हणते. ताटावर बसलेला पाहुणा भात मागून घेतो तेव्हा तिचा चेहरा असाच व्हायचा.

दोघं उभे राहून बघतात. उजेड वाढतो आहे. तिच्या वेणीतली अबोली आता नीट दिसते, केशरी, एकही फूल सुकलेलं नाही. दौलतरावांना तिच्या गालाला हात लावायचा आहे, पण हात अजून उबेनं भरलेला आहे, आणि तो रिकामा कसा करायचा हे त्यांना उमगत नाही.

"जातो मी," ती म्हणते.

उभ्या संसारात ती असं कधी म्हणालेली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली तरी 'येतो', डोरीनकडं निघाली तरी 'येतो'. दवाखान्यात स्ट्रेचरवरून नेताना, वाकड्या झालेल्या तोंडानंसुद्धा, तिनं 'येतो'च म्हणायचा प्रयत्न केला होता.

"असं म्हणू नये," दौलतराव म्हणतात. "येतो म्हण."

शशी मान हलवते. हसते.

"न्हाई. जातो म्हणायला आलोतो."

ऊन थेट डोळ्यांवर येतं.

दौलतराव डोळ्यांपुढं हात धरतात. खाली मक्याचं रान रिकामं आहे आणि दंवातून वाफा निघताहेत. पट्टा छातीत रुतला आहे. मान अवघडली आहे. ते हळूहळू, फार हळूहळू, शेजारी बघतात. बाकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर दंवाचा पातळ थर आहे, सबंध, कुठंही मोडलेला नाही.

ते पुष्कळ वेळ त्याच्याकडं बघत बसतात. मग त्यांच्या लक्षात येतं की उजव्या हातात मोजा नाही, आणि मूठ घट्ट आवळलेली आहे. गारठ्यानं बोटं आखडली असतील म्हणून ते डाव्या हातानं एकेक बोट उघडतात. मुठीत केस आहेत. राठ, नागमोडी, बुडाशी फिके आणि टोकाला काळसर. ओलसर.

यंत्रांत जन्म गेलेला माणूस. ते कारण शोधतात. मोजे तिचेच आहेत, आत मागच्या वर्षीचे केस राहिले असतील. पण मागच्या वर्षीचे केस ओले कसे राहतील? ते केस नाकाशी नेतात. रानाचा, घामाचा उग्र वास आहे. तिचा मात्र नाही. ते दोनदा हुंगून बघतात. नाही.

आता खाली उतरायला हवं. क्रॉसबो दोरीनं खाली सोडायचा, मग पट्टा सोडवायचा, मग शिडीला तोंड करून दोन्ही हातांनी धरत धरत उतरायचं. मूठ आवळून यातलं काहीच होणार नाही. ते तसेच बसून राहतात. रानापलीकडून वारा येतो आणि ओकची राहिलेली पानं वाजतात.

दौलतराव हात पुढं करतात आणि मूठ उघडतात. केस क्षणभर तळव्यावर थरथरतात आणि उडतात. उन्हात चमकतात, मग दिसत नाहीत.

ते क्रॉसबो खाली सोडतात. पट्टा सोडवतात. एकेक पायरी चाचपत उतरतात. जमिनीवर पाय टेकतात तेव्हा त्यांना कळतं की भूक लागली आहे, लहान पोराला शाळेतून आल्यावर लागते तशी. कापणीच्या यंत्रातून निसटलेलं एक कणीस बुडख्यांपाशी पडलं आहे. ते वाकून उचलतात, अंगठ्यानं चारपाच दाणे सोडवतात आणि तोंडात टाकतात. दगडासारखे आहेत. एका गालात धरून ठेवले की मऊ पडतात, पिठूळ, किंचित गोड.

आणखी दाणे सोडवताना त्यांचं लक्ष बोटाकडं जातं. लग्नातल्या, आता सैल झालेल्या अंगठीखाली एक केस अडकून राहिला आहे, काळ्या टोकाचा, वाऱ्यावर हलणारा. तो काढावा की राहू द्यावा? पण एका हातात कणीस आहे आणि दुसऱ्यात दाणे. दौलतराव उन्हात उभे राहून चावत राहतात.